सामानापाशी कोण बसणार

सहल म्हटली की सामान आलं, आणि सामान आलं की त्याच्यापाशी बसायला कुणीतरी एक माणूस लागतंच. या घरात ते माणूस म्हणजे आत्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. ठरवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

खरं तर सगळं झालं एका मुरगळलेल्या पायामुळे. भाचा तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता. वर्षातून एकदा सगळ्यांनी मोठ्या शहरात जायचं, संग्रहालय बघायचं, बागेत बँड ऐकायचा, जमलं तर एखादं नाटक, अशी टूम आत्याच्या धाकट्या भावाने काढली. 'मुलाला चार गोष्टी कळतात,' असं त्याचं म्हणणं. पहिल्याच वर्षी निघायच्या आदल्या दिवशी आत्या कामावरच्या जिन्यावरून घसरली. पाय हा एवढा सुजला. तरी गेली बिचारी लंगडत लंगडत. संग्रहालयाच्या पायऱ्या बघितल्यावर मात्र म्हणाली, "जा तुम्ही. मी बसते सामानापाशी." पाय आठवड्याभरात बरा झाला, पण बाकावरची जागा तिच्या नावावर चढली ती चढलीच. पुढच्या वर्षी भावजयीने पिशव्या आपण होऊन तिच्या शेजारी आणून ठेवल्या आणि म्हणाली, "वन्सं आहेत म्हणून बरं, नाहीतर एवढं ओझं घेऊन कुठे फिरणार होतो आपण?" आता यावर काय बोलणार? एकदा कौतुक झालं की माणसाला उठताही येत नाही.

आत्या रफू करायची. कपडे धुण्याच्या आणि इस्त्रीच्या एका दुकानात, पार मागच्या बाजूला, खिडकीखाली तिचं स्टूल होतं. उंदराने कुरतडलेले कोट, सिगरेटने भोक पडलेल्या पँटी, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली, असं काय काय तिच्याकडे यायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून ती धागे ओढून काढायची आणि भोकावर उभेआडवे असे ओवायची की भोक होतं कुठे, हे मालकालाही शोधावं लागायचं. गिऱ्हाईक पुढच्या काउंटरवर कपडा उलटसुलट करून बघायचं आणि मालकाला म्हणायचं, "कमाल आहे हो तुमची." मालकही "अहो, त्यात काय" म्हणत मान डोलवायचा. आत्याला याचा राग येत नसे. येत नसे म्हणजे काय, सवय झाली होती. लोक सवयीलाच समाधान म्हणतात आणि मोकळे होतात.

लग्नाचं एकदा जमत आलं होतं, मग फिसकटलं. त्याला इतकी वर्षं झाली की त्या गृहस्थाचं तोंडही आता नीट आठवत नव्हतं. मग भावाचं लग्न झालं, भाचा झाला, भाऊ-भावजय दोघंही नोकरीला, आणि भाचा आपोआप आत्याच्या ओटीत येऊन पडला. दुकानातून ती दुपारी घरी येई, त्याला भरवी, निजवी, आणि तो झोपला की घरी आणलेलं रफूचं काम हातात घेई.

तो लहान होता तोवर बाकावर बसणं तसं वाईट नव्हतं. संग्रहालयातून सगळ्यांच्या आधी तोच धावत बाहेर यायचा आणि तिच्या मांडीवर हात आपटत सुरू व्हायचा. आत्या, आत एक नाव आहे, छताला टांगलीये, आपल्या घराएवढी. आत्या, एका चित्रात खूप माणसं जेवतायत आणि टेबलाखाली एक कुत्रा बसलाय, त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाहीये. आत्या, एका खोलीत वर बघितलं की मान मोडते. ती पिशवीतून काही खायला काढून त्याच्या हातात द्यायची आणि विचारायची, "मग? आणखी काय?" त्याच्या सांगण्यावरून तिने डोक्यात एक आख्खं संग्रहालय उभं केलं होतं. दुपारी रफू करताना ती त्यातून फिरून यायची.

पुढे त्याला मिसरूड फुटलं आणि बोलणं आटलं. "कसं होतं रे?" विचारलं तर म्हणायचा, "बरं होतं." एवढा मोठा राजवाड्यासारखा वाडाच्या वाडा, आणि त्यातून हा बाहेर काय आणणार, तर 'बरं होतं.' मग नोकरी लागली, बायको आली, मुलगी झाली. मुलीला सगळे बिट्टी म्हणायचे. सहल दरवर्षी चालूच राहिली, माणसं वाढली, पिशव्या वाढल्या, बाक तोच.

या वर्षी मात्र आत्याच्या मनाने घेतलं. कारणही तसंच होतं. पुढच्या महिन्यात भाचा बायकोला आणि बिट्टीला घेऊन बदलीच्या गावी जाणार होता, आणि ते गाव काही उठलं की गाठलं असं नव्हतं. परत सगळे मिळून कधी निघणार, कुणास ठाऊक. इतकी वर्षं ही मंडळी आत जाऊन काय बघतात, ते एकदा त्यांच्यात उभं राहून बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. चित्रं काय, एकटीला केव्हाही बघता आली असती. शहराची बस काही कुणी बंद केली नव्हती. तिला यांच्याबरोबर बघायचं होतं.

जेवताना तिने ते बोलून दाखवलं. बोलण्याआधी दोन घोट पाणी प्यायली. "या वेळी मी पण आत येणार आहे."

"ये की ताई," भाऊ म्हणाला. "नको कोण म्हणतंय तुला?"

"मी तर केव्हाची म्हणतेय," भावजय म्हणाली. ती कधीच म्हणाली नव्हती, पण त्या क्षणी तिला अगदी मनापासून तसं वाटलं असणार.

भाचा ताटाशेजारी फोन ठेवून त्यावर बोट फिरवत होता. वर न बघताच म्हणाला, "हो आत्या. हे बघ, झालंसुद्धा तिकिटांचं."

आत्याने दुकानात रजा टाकली. दरवर्षी टाकायची, पण या वेळी मालकाला सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. "या वेळी आत जाणार आहे मी."

मालक इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालत होता. त्याने दचकून बघितलं. "आत? का बरं? काय केलंत?"

आत्या एवढी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. दुकानात ती अशी हसलेली कुणी पाहिली नव्हती.

सहलीच्या दिवशी बसमध्ये तिने सवयीने पिशव्या मांडीवर घेतल्या. खाण्याची पिशवी, बिट्टीच्या कपड्यांची, भावाच्या औषधांची, भाचेसुनेची ती कधीच न उघडणारी मोठी बॅग. बागेत बँड ऐकताना सगळे गवतावर पसरले होते. तुतारी वाजवणाऱ्याचे गाल फुगले की बिट्टी आपले गाल फुगवायची आणि भाऊ खो खो हसायचा. आत्या मध्यभागी बसली होती, भोवती पिशव्या आणि पिशव्यांभोवती माणसं. बरं वाटत होतं. दुपारी पाव, उकडलेली अंडी, फळं असं खाऊन झाल्यावर भाचा हात झटकत म्हणाला, "आता तिथे लॉकर झालेत, आत्या. सामान कुणी सांभाळायला नको. तुझी ड्यूटी संपली."

"अरे, खरंच की काय?"

"खरंच. आज तू नुसतं फिरायचं."

नुसतं फिरायचं! आत्याने केस पुन्हा एकदा नीट बांधले. संग्रहालयापर्यंत ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि बाकाशेजारून जाताना तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लॉकरवाल्या खोलीत एकेक पिशवी आत गेली. शेवटी तिची पर्सही गेली. भाच्याने किल्ली खिशात टाकली. हातात काहीच नसण्याची तिला इतकी सवय नव्हती की हातांचं काय करावं ते कळेना. तिने ते पाठीमागे धरले. मग सगळे दाराशी आले. तिथे कमरेएवढ्या उंचीची काचेची फाटकं होती. तिकीट दाखवलं की टुंग वाजायचं, हिरवा दिवा लागायचा, काच बाजूला सरकायची, माणूस आत. भाचा फोन धरून एकेकाला पुढे घालत होता. भाऊ गेला, टुंग. भावजय गेली. भाचेसून गेली, तिच्या पाठोपाठ बिट्टी उडी मारून गेली. मग तो स्वतः गेला, आणि पलीकडून हात लांब करून त्याने फोन पुन्हा फाटकाला लावला. "ये आत्या."

टुंग वाजलं नाही. तांबडा दिवा लागला.

त्याने बोटाने फोन वर सरकवला, खाली सरकवला. पुन्हा लावला. पुन्हा तांबडा. मग त्याचा चेहरा उतरला. "पाचच आहेत," तो म्हणाला.

"पाच? अरे, आपण सहा जण ना?" भाऊ म्हणाला.

"ते फोनवर मागच्यासारखंच हवं का म्हणून विचारतं. मी हो म्हटलं." तो वडिलांशी बोलत होता, आत्याकडे बघत नव्हता. "दरवर्षी पाचच काढतो ना आपण."

दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराने सांगितलं, की आजची तिकिटं सकाळीच संपली. भाऊ म्हणाला, मी बाहेर येतो, तिला आत घ्या. रखवालदार म्हणाला, एकदा आत गेलेलं तिकीट पुन्हा चालत नाही, साहेब. आता राहता राहिला एकच मार्ग, की सगळ्यांनी बाहेर यावं, तिकिटं गेली खड्ड्यात म्हणावं, आणि सहाच्या सहा जणांनी आणखी कुठेतरी जावं. हा मार्ग काही फार अवघड नव्हता. दार समोर होतं, बाहेर आख्खं शहर पडलं होतं. पण तसं कुणी म्हटलं नाही. "आता सगळेच बाहेर आलो तर पाचही वाया जाणार," एवढं भावजय हळूच म्हणाली. भाचेसून म्हणाली, "आत्या, तुम्हाला वाईट तर नाही ना वाटलं?" काचेच्या पलीकडे पाच जण आणि अलीकडे आत्या, आणि ते पाचही जण एक वाक्य ऐकायला थांबलेले. तिला ते वाक्य पाठ होतं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मी बसते."

पाचही चेहरे एकदम सैलावले. ते तिने बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं, पण बारीक भोकं हेरण्यात जन्म गेलेल्या बाईच्या डोळ्यांना काय सांगणार?

"पुढच्या वेळी नक्की हं, आत्या," भाचा म्हणाला, आणि ते आत गेले.

ती बाकावर येऊन बसली. बसल्याबरोबर तिचा डावा हात शेजारी गेला, पिशवी नीट सरकवायला. तिथे काही नव्हतं. एवढी वर्षं ती इथे बसायची तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं, की ही बाई सामान सांभाळतेय. आता ती काय करत होती? काही नाही. एक म्हातारी नुसती बसली होती. चहा प्यावा म्हटलं तर पर्सही लॉकरात. मग मात्र तिचे डोळे भरून आले. तिला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि 'एवढ्याशा गोष्टीचं काय' असं स्वतःला बजावूनही ते कमी होत नव्हतं. तिने नाक पुसायला रुमाल शोधला. रुमालही पर्समध्ये होता.

"कुणाची वाट बघताय का?" कुणीतरी विचारलं. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, सोबत त्यांचे यजमान.

"नाही. आमची माणसं आत गेलीत. माझं तिकीट काढायचं राहिलं."

"अगंबाई. आमची नणंद येणार होती, ऐनवेळी तिचं डोकं उठलं. तिचं तिकीट आहे जास्तीचं. घ्या की."

"छे छे, मी कशी घेऊ?"

"अहो, नाहीतर टाकूनच देणार आहोत." बाईंनी कागद तिच्या हातात कोंबला. "जा, गाठा तुमच्या माणसांना."

आत्या उठली. उठताना तिने मागे वळून बघितलं, काही राहिलं तर नाही ना. मग आपल्यालाच हसली. फाटकाने टुंग केलं, हिरवा दिवा लागला, आणि रखवालदाराने तिला ओळखून हलकेच मान झुकवली.

आत गारवा होता आणि प्रत्येक पावलाचा आवाज छतापर्यंत जात होता. पहिल्याच दालनात नाव होती. आत्या तिच्याखाली उभी राहिली. घराएवढी? कसली घराएवढी, त्यांच्या स्वयंपाकघरात आडवी मावली असती. एवढी वर्षं रफू करताना ती जिच्याखालून फिरायची ती नाव केवढी होती! मग तिच्या लक्षात आलं, की सांगणारा केवढासा होता. तिला हसू आलं, आणि हे भाच्याला कधी एकदा सांगते असं झालं. घराएवढी म्हणे! चांगला कान धरून सांगायला हवं.

ती भराभर चालू लागली. दालनामागून दालनं गेली. मडकी, नाणी, तुटक्या हातांच्या मूर्ती, कुठल्याशा राण्यांचे पोशाख. तिने धड काहीच बघितलं नाही. ती फक्त पाठमोरी माणसं बघत होती. त्यांना मागून जाऊन कसं गाठायचं, काय बोलायचं, हे ती मनात घोळवत होती. 'काय, आले की नाही?' असं म्हणायचं. की भाच्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवायचा? बिट्टी किंचाळेल, लोक बघतील, बघू देत. या वयात लपाछपी खेळल्यासारखं वाटत होतं तिला.

शेवटच्या मोठ्या दालनात गर्दी होती आणि उजेड कमी. समोरच्या भिंतीवर भिंतीएवढं चित्र. आणि चित्राकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून, तिची माणसं. भावाचं टक्कल, भावजयीचा झुकलेला उजवा खांदा, हे तिने हजारांत ओळखलं असतं. ती गर्दीतून वाट काढत अगदी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

भाचा बिट्टीला सांगत होता, "ते बघ, टेबलाखाली. दिसला? कुणाचं लक्षच नाहीये त्याच्याकडे." तोच आवाज. कितीतरी वर्षांत आत्याने तो ऐकला नव्हता. तिला वाटलं होतं, तो संपला. संपला नव्हता. तो फक्त तिच्याकडे येत नव्हता.

"बाहेर गेल्यावर आत्याआजीला सांगायचं हं सगळं," भाचा म्हणाला. "मी पण सांगायचो."

आत्याचा राग तिथल्या तिथे विरघळला. सांगा रे बाबांनो, मी इथेच आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आज सगळे आहोत," भाऊ म्हणाला. "एक फोटो होऊन जाऊ दे."

"हो ना. परत कधी असे सगळे असणार?" भावजय म्हणाली आणि केस सारखे करू लागली.

भाच्याने एका हाताने बिट्टीला उचललं, आणि दुसऱ्या हाताने, मान न वळवता, फोन मागे धरला. मागे कुणीतरी पांढऱ्या केसांचं उभं आहे, एवढं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं असेल. "मावशी, जरा आमचा एक फोटो काढता का?"

आत्याने फोन घेतला. कुणी काही हातात दिलं की ते घ्यायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. हात पुढे गेला तेव्हा तिला कळलंही नाही. भाचा चार पावलं पुढे गेला, चित्राखाली सगळे जवळ जवळ सरकले, भावाने पोट आत घेतलं, आणि पाचही जण हसरे चेहरे करून वळले.

आत्याने फोन डोळ्यांसमोर धरला. चौकटीत सगळे बरोबर मावत होते. कुठे जागा उरत नव्हती.

"आत्याआजी!" बिट्टी ओरडली.

मग बाकीच्यांना दिसलं. भावाचं हसू गेलं. भावजयीचा हात केसांतच राहिला. भाचेसुनेने नवऱ्याकडे बघितलं. भाच्याने बिट्टीला खाली ठेवलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. "आत्या, अगं मी... मला दिसलंच नाही की..."

"जागेवर उभा राहा," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजात ती या घरात कधी बोलली नव्हती, आणि तो लहान मुलासारखा मागे सरकून उभा राहिला. बिट्टी पळत तिच्याकडे निघाली होती, तिलाही तिने हातानेच थांबवलं आणि परत पाठवलं. मागचे लोक खोळंबले होते. कुणीतरी घसा खाकरला.

तिने बटण दाबलं. मग फोन लांब धरून, डोळे बारीक करून, निघालेला फोटो नीट बघितला, कपडा उजेडाकडे धरून बघायची तसा. भाचा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. तिने पुन्हा फोन डोळ्यांसमोर धरला.

"हलू नका, अजून एक काढते," ती म्हणाली. "बिट्टी सोडून कुणीच हसलं नाहीये."